कमानीतला सव्वा इंच

रविवार, ८ जानेवारी. सकाळी ६.५०
आजपासून रोजनिशी. संशोधन करणाऱ्याची टिपणं असलेली बरी, पुढे वाद उद्भवत नाहीत. नियम एकच: जे मोजलं तेच लिहायचं. पदरचं काही घालायचं नाही.

विषय: ओढ्यावरची जुनी दगडी कमान. वीस वर्षं वाचनालयात नोकरीला जाता-येता बघतोय. चुना नाही, सिमेंट नाही, दगडाला दगड टेकून उभी. बांधणाऱ्यांकडे ना कागद, ना कॅलक्युलेटर. मग गोलाई कशी काढली? यावर कुणी काम केलेलं नाही. निदान आमच्या वाचनालयात तसं पुस्तक नाही. भूमितीची अकराच्या अकरा मी वाचली आहेत, तीही कॉलेजचं तोंड न पाहता. किंबहुना म्हणूनच वाचू शकलो.

सकाळी ८.१५
शेजारचे मिस्त्री दारात दाढी करत होते. सहज विषय काढला. गालाचा साबण न पुसता म्हणाले की त्यात काय शोधायचंय, अर्धगोल आहे. मध्ये खुंटी, खुंटीला दोरी, फिरवायची. चाळीस वर्षं विटा रचल्या की माणसाला सगळं जग खुंटी-दोरीवर चाललंय असं वाटतं. मी वाद घातला नाही. त्यांनी त्यांचा लोखंडी टेप देऊ केला. बघितला. टोकाचं कडं सैल आहे, चांगलं एक मिलिमीटर हलतं. असल्या टेपवर मी विश्वास ठेवत नाही. नको म्हटलं.

ही आज बहिणीकडे गेली आहे. तिच्या शिलाई मशीनच्या खणातला कापडी टेप घेतला. विचारलं नाही, कारण विचारायला ती घरात नव्हती. (ती निघाली साडेआठला. टेप मी घेतला आठ पस्तीसला.)

दुपारी १.१०
कमानीची रुंदी: एकशे आठ इंच. म्हणजे नऊ फूट, केसाचाही फरक नाही. घोटाभर पाण्यात उभं राहून तीनदा मोजली.

उंची अवघड. माथ्याच्या दगडाच्या फटीत खिळा ठोकून टेप खाली सोडला. कमान दोन्ही बाजूंना जिथून वळायला लागते तिथे आडवी सुतळी बांधली. माथ्यापासून सुतळीपर्यंत टेपवर वाचायचं, एवढंच. पण वारा. टेप सारखा हेलकावे खातो. त्याला दगड बांधला. दगड पाण्याच्या दोन बोटं वर. तरी हलतो. जेवून येतो.

सायंकाळी ५.२०
जेवणानंतर जरा पडलो. टेप तिथेच आहे. असू दे. रात्रभर लटकला की आपोआप शांत होईल. शास्त्रात घाई कामाची नाही.

सोमवार, ९ जानेवारी. सायंकाळी ६.४०
धीराचं फळ मिळालं. वाचनालयातून परस्पर ओढ्यावर गेलो. टेप एकदम स्थिर, चिंब. दगड पाण्याला टेकलेला. ओढ्याचं पाणी रात्रीतून दोन बोटं वाढलेलं दिसतं.

उंची: पावणेत्रेपन्न इंच.

चोपन्न नाही. अर्धगोल असती तर रुंदीच्या निम्मे, चोपन्न यायला हवे होते. सव्वा इंच कमी. चारदा वाचलं. मिस्त्रींना आत्ताच सांगणार नाही. वयस्क माणूस आहे.

रात्रीच्या जेवणानंतर
घरी ही सकाळपासून टेप शोधतेय. मशीन सरकवून झालं, कपाटामागे झालं. मीही शोधू लागलो. मध्येच न्हाणीघरात जाऊन टेप कोरडा केला आणि कपडे इस्त्री करतोय असं दाखवून त्यावर इस्त्री फिरवली. ७.५० ला मला तो सापडला. ती म्हणाली, तुम्हाला बरोबर सापडतं हो, माझंच लक्ष कुठं असतं कोण जाणे. जेवण जरा जड गेलं. उद्या सांगून टाकीन. गमतीत सांगितलं की झालं.

गुरुवार, १२ जानेवारी
सांगितलं नाही. आता तीन दिवसांनी सांगितलं तर गंमत वाटणार नाही, लपवल्यासारखं वाटेल.

गणित मात्र सुरेख सुटलं. रुंदी एकशे आठ, उंची पावणेत्रेपन्न, तर वर्तुळाचं केंद्र कमानीच्या सुरुवातीच्या रेषेवर नाही. रेषेच्या खाली आहे. किती खाली? सव्वा इंच. म्हणजे बांधणाऱ्यांनी खुंटी मुद्दाम सव्वा इंच खाली ठोकली. का? हा प्रश्न पडायलाही एक दृष्टी लागते.

सोमवार, १६ जानेवारी
उत्तर मिळालं. अंगठा.

मुख्य कारागिरानं रेषेला आपला अंगठा आडवा लावला आणि त्याच्या खाली खुंटी ठोकली. वरचा भार कमानीला जरासा दाबणार हे त्याला ठाऊक होतं, ती तजवीज आधीच केली. मापाची पट्टी त्याच्या हातातच होती.

पडताळा म्हणून वाचनालयात येणाऱ्या अकरा जणांचे अंगठे मोजले. सरासरी पाऊण इंचाच्या थोडी वर. सगळ्यात जाड बाइंडरचा, एक इंच. डिंक खरवडून मोजला. ग्रंथपाल बाईंनी अंगठा द्यायला नकार दिला. निष्कर्ष: जुनी माणसं आपल्यापेक्षा थोर होती, हे आता अंगठ्यानं सिद्ध झालं.

नकार देऊनही बाईंना विषय आवडला. शनिवारी, ४ फेब्रुवारीला पाच वाजता वाचनालयाच्या सभागृहात माझं व्याख्यान. शीर्षक मी सुचवलं: प्राचीन कमानींचं रहस्य. बाईंनी 'प्राचीन कमान' असं एकवचन केलं. मोजलेली एकच आहे म्हणाल्या. मुद्द्याची बाई आहे.

शुक्रवार, २० जानेवारी
हिच्या कामात काहीतरी बिनसलंय. मुख्याध्यापिका बाईंचा कोट ढगळ झाला. सतरा वर्षं त्यांचे कोट हीच शिवते. मापं वहीत लिहिलेली आहेत, बाईंना पुन्हा मोजावंही लागत नाही. आज बाई आरशासमोर उभ्या राहून म्हणाल्या की हा कोट बहुधा माझ्या थोरल्या बहिणीसाठी शिवला असावा. हसत म्हणाल्या. ही हसली नाही.

मी म्हटलं, बाई बारीक झाल्या असतील, शाळेत ताण असतो. ही म्हणाली, खांद्याची हाडंही बारीक झाली का?

मंगळवार, २४ जानेवारी
पोस्टमनच्या शर्टाच्या बाह्या बोटांवर आल्या. औषधवाल्यांची पॅन्ट कमरेत सैल. दोघं जुने गिऱ्हाईक. माझं निदान पक्कं झालं: गावातली जुनी माणसं आकसत चालली आहेत. अंगठ्याच्या सिद्धांताशीही हे जुळतं. हिला समजावून सांगितलं. तिनं वही मिटली आणि भाजी चिरायला घेतली.

गंमत म्हणजे समोरच्या नव्या भाडेकरू बाईंचा फ्रॉक अंगावर ओतल्यासारखा बसला. त्यांचं माप हिनं गेल्याच आठवड्यात घेतलं. मी म्हटलं, बघ, हात तुझा तोच आहे. तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मला कसंतरीच झालं, का ते कळलं नाही.

शुक्रवार, २७ जानेवारी. सकाळी ११.०५
का ते कळलं.

नोंदवहीवर शिक्का मारत होतो, हात हवेतच थांबला. जुनी मापं जुन्या टेपनं घेतलेली. नवीन मापं आताच्या टेपनं. जुनी माणसं ढगळ, नवी माणसं ठीक. ज्या टेपनं मोजलं त्याच टेपनं कापड कापलं तर चूक दिसत नाही. टेप बदलला तर दिसते. पण हिनं टेप बदललेला नाही. म्हणजे टेप स्वतःच बदललाय.

दुपारी १.३०
जेवायला घरी गेलो. ती बाजारात होती. टेप पोलादी पट्टीला लावला. साठ इंचांचा टेप साडेएकसष्ट भरला.

पुन्हा लावला. साडेएकसष्ट.

दुपारी ३.००
शांतपणे विचार केला. टेप ताणला गेला, हे खरं. पण केव्हा? बहुधा इस्त्रीनं. इस्त्री मी सोमवारी संध्याकाळी केली, उंची त्याआधी वाचून झाली होती. तेव्हा कमानीच्या सिद्धांताला काही धोका नाही. हे फार बरं झालं.

हिला आज सांगायचं. नक्की.

शनिवार, २८ जानेवारी
काल तिचं डोकं दुखत होतं. आज माझं.

रविवार, २९ जानेवारी
सांगण्यापेक्षा दुरुस्त करणं केव्हाही चांगलं. नवीन टेप आणला. पिवळा जर्द, कोरा. संशय येऊ नये म्हणून चहात बुडवला, सावलीत वाळवला, चौदा ते वीसमधले आकडे बोटानं घासून पुसट केले. जुन्यावर तिथेच पुसट होते. इस्त्री केली नाही. एवढा धडा मी घेतला आहे. तिच्या खणात नवा ठेवला, जुना माझ्या कोटाच्या खिशात. संशोधनाचं साधन आहे, फेकवत नाही.

आता जुनी मापं बरोबर येतील. कुणाला काही सांगायची वेळच येणार नाही. हलकं वाटतंय. बऱ्यापैकी हलकं.

बुधवार, १ फेब्रुवारी
भाडेकरू बाई दुसरा फ्रॉक घेऊन आल्या. चेन लागत नाही. त्यांच्या दोन्ही मुलींचे फ्रॉकही आवळ. बेकरीवाल्यांनी पहिल्यांदाच शर्ट शिवायला टाकला होता. श्वास घेतला आणि दुसरं बटण उडालं.

दोन मिनिटं लागली समजायला. या चौघांची मापं ताणलेल्या टेपनं घेतली होती, कापड मात्र मी आणलेल्या नव्या टेपनं कापलं गेलं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. भूमितीची अकरा पुस्तकं.

हिनं चौघांचे कपडे परत घेतले. कुणाशी वाद घातला नाही. कुणाचे ढगळ, कुणाचे आवळ, यात तिला काही अर्थच लागत नाहीय. मला लागतोय. सगळ्या गावात तो एकट्या मला लागतोय.

गुरुवार, २ फेब्रुवारी
तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मीच नेलं. बाहेर बाकावर बसून होतो. सगळ्यात खालची ओळ तिनं न अडखळता वाचली, ती मला दाराबाहेर ऐकू आली. डॉक्टर म्हणाले डोळे उत्तम आहेत. मी म्हटलं, वा. ती म्हणाली, म्हणजे हातच गेला.

रिक्षात वळणावर तिनं पर्स घट्ट धरली, तेव्हा तिचा अंगठा दिसला. सुयांनी बारीक बारीक टोचलेला. अकरा अंगठे मोजले, हा मोजायचं सुचलं नव्हतं.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ९.००
मशीनवर चादर घातली आहे. माझ्या ताईला तिनं फोन केला. तुमच्या सुनेला शिकायचंय ना, रविवारी सकाळी टेम्पो पाठवा, मशीन घेऊन जा म्हणाली. माझ्या हातून आता लोकांचं कापड वाया जायला नको. अगदी साध्या आवाजात. दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर कमी टाक सांगते तसा.

हे मशीन तिनं लग्नाआधी, दोन वर्षं दुसऱ्यांचं काजबटण करून घेतलंय. मी त्याच्या खडखडाटाबद्दल नेहमी तक्रार करतो. हिशेब चुकतात म्हणतो. आज घरात आवाज नव्हता. तीन साध्या बेरजा चुकल्या.

सायंकाळी ६.००
उद्या व्याख्यान. ते झालं की घरी येऊन सांगणार. आधी सांगितलं तर ती येणार नाही, आणि ती समोर नसली तर माझा आवाज बसतो. रविवारी सकाळपर्यंत वेळ आहे. नियोजन नीट आहे.

व्याख्यानाच्या तयारीसाठी ही वही चाळली. नऊ तारखेला लिहिलंय: ओढ्याचं पाणी रात्रीतून दोन बोटं वाढलेलं दिसतं. पान उलटलं.

शनिवार, ४ फेब्रुवारी. सायंकाळी ७.३०
खुर्च्या तीस. माणसं चौदा, त्यात बाइंडर, आणि सभागृहाला कुलूप लावायला थांबलेला शिपाई. मिस्त्री दुसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. ही तिसऱ्या रांगेत कडेला.

पहिली चाळीस मिनिटं उत्तम. फळ्यावर वर्तुळ एका दमात काढलं. अंगठ्याचं सांगितलं तेव्हा बाइंडरनं आपला वर करून दाखवला. नंतर ग्रंथपाल बाईंनी प्रश्न विचारा म्हटलं आणि मिस्त्री उठले.

"मास्तर, सव्वा इंचाची गोष्ट आहे म्हणून विचारतो. माप कशानं घेतलंत?"

मी म्हटलं, कापडी टेपनं. लोखंडी टेपचं कडं हलतं, हेही सांगितलं. मिस्त्री सावकाश म्हणाले की ते हलायलाच पाहिजे. बाहेरून अडकवलं तर पुढे येतं, आतून टेकवलं तर मागे जातं, कड्याची जाडी मापात येऊ नये म्हणून. लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

मग तिसऱ्या रांगेतून ही बोलली.

"कुठल्या टेपनं?"

लग्नाला बावीस वर्षं झाली. इतक्या हळू आवाजात तिनं मला कधी काही विचारलेलं नाही. उत्तरं दोन होती. एक तयार होतं, वाचनालयाचा टेप असं. ग्रंथपाल बाई शेजारीच बसल्या होत्या, तरी मी तोंड उघडलं होतं.

"तुझ्या," मी म्हटलं. खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला.

ती पुढे आली. टेप उचलून दोन बोटांतून ओढला, शेवटपर्यंत. मग फळ्याची मीटरपट्टी घेतली, टेबलावर ठेवली आणि त्यावर टेप लावला. मीटरला एकोणचाळीस आणि थोडं वर यायला हवं. अडतीस आणि थोडं वर आलं. तिला चष्मा लागत नाही. सगळं तिला दिसलं.

केव्हा, म्हणाली. मी आठ जानेवारी सांगितलं. दगडाचं सांगितलं, किती जड ते सांगितलं, रात्रभर लटकल्याचं सांगितलं. पाणी वाढलं नव्हतं, टेपच लांबला होता हेही, सगळ्यांसमोर. खणात आहे तो कुठला, म्हणाली. नवा, मी म्हटलं. चहात बुडवलेला. ती बोटांवर मोजत होती. मुख्याध्यापिका बाई, पोस्टमन, औषधवाले. मग दुसऱ्या हाताची बोटं.

"म्हणजे माझा हात ठीक आहे," ती म्हणाली. मला नाही. मिस्त्रींना.

"वहिनी, तुमच्या हाताला काय धाड भरलीय," मिस्त्री म्हणाले.

तिनं पर्स घेतली आणि गेली. बाईंनी आभार मानले नाहीत, कार्यक्रम संपला एवढं म्हणाल्या. फळा मीच पुसला. वर्तुळ पूर्ण जायला वेळ लागला.

घराच्या कोपऱ्यावर आलो तर मशीनचा आवाज येत होता. एका लयीत, न थांबता. दारात बराच वेळ उभा राहिलो. आत जाऊन काय म्हणायचं ते ठरवत होतो. महिनाभर ठरवतोच आहे. आत गेलो. चुकलं, म्हटलं. तिनं पाय थांबवला नाही. ताईला फोन करून टेम्पो नको म्हणून सांगा, एवढंच म्हणाली. केला.

रविवार, ५ फेब्रुवारी. सकाळी १०.१५
मिस्त्रींचा लोखंडी टेप मागून घेतला. त्यांनी न मागता एक खुंटी आणि दोरीही दिली. ही आपणहून बरोबर आली. का, ते मी विचारलं नाही.

उंची: चोपन्न इंच. तीन वेळा. चौथ्यांदा तिनं मोजलं. चोपन्न.

मग तिनं सुतळीच्या बरोबर मध्यावर खुंटी धरली आणि मी दोरी ताणून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवली. दोरीचं टोक एकेका दगडाला टेकत गेलं. एकही दगड सुटला नाही, एकही पुढे आला नाही. कोण होता कुणास ठाऊक, पण त्याला बरोबर मध्य सापडला होता, आणि अंगठा त्यानं बहुतेक खिशात ठेवला होता. ही म्हणाली, चांगला हात होता बांधणाऱ्याचा.

दुपारी २.४०
उसवण्याचं काम मला दिलं आहे. सात कपडे. पहिला कोट मुख्याध्यापिका बाईंचा. घेर पन्नास इंच हवा, ताणलेल्या टेपनं कापला म्हणून जास्त झालाय. किती आत घ्यायचं विचारलं. तिनं मान वर न करता सांगितलं.

सव्वा इंच.

दुपारी ३.०५
अंगठ्याला सुई टोचली. मोजला नाही.